घर सोयीचं केलं, तरी हे खोलीबाहेर येत नाहीत

"रॅम्प केला, कमोड बसवला, दारं रुंद केली. तरी हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. आता अजून काय करायचं?" जखमी होऊन घरी परतलेल्या जवानांच्या बायका, आया मला हे हमखास विचारतात. विचारताना आवाजात थकवा असतो, थोडा रागही असतो. दोन्ही रास्तच.

सातारा जिल्ह्यातल्या एका घराचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. हवालदारसाहेबांना सुरुंगाच्या स्फोटात मणक्याला मार बसला, कमरेखालची संवेदना गेली. लष्करी रुग्णालयातून सुटून ते थेट नव्या घरात आले. थोरल्या भावाने पदरचे पैसे घालून, ते यायच्या आत बांधून घेतलेलं. गावाने केवढं कौतुक केलं.

हवालदारांच्या पत्नीचं, वहिनींचं, ऐकून घेतलं आणि घर बघायला गेले. जोतं दोन फूट उंच, रॅम्प जेमतेम आठ फूट. फूटभर उंचीला निदान बारा फूट उतार लागतो, म्हणजे इथे चोवीस फूट हवा होता. असल्या उभ्या चढावर स्वतःची खुर्ची स्वतः ढकलता येत नाही. पारावर जाऊन बसायचं तरी पुतण्याला हाक मारायची. खोलीच्या दाराची कडी नेहमीसारखी वर, खुर्चीतून हात पोचणार नाही अशी. लघवीची पिशवी बदलत असले तरी "चहा आणू का?" म्हणत कुणीही आत! शिवाय खोली बैठकीला लागून, 'लक्ष राहावं' म्हणून. वहिनी मुलांना घेऊन माडीवर झोपायच्या. तरुण जोडपं, पण या बाबतीत त्यांना ना दवाखान्यात कुणी विचारलं होतं, ना घरात.

येणारा प्रत्येक पाहुणा मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण द्यायचा: १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, तरी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण मिळवलं. "पेटकरसाहेबांना सलाम आहे, मॅडम," हवालदार म्हणाले, "पण मला माझाच उंबरा ओलांडायला पुतण्या लागतो." खचण्यापेक्षा ते चिडलेलेच जास्त होते. कालपर्यंत दहा जवानांना हुकूम देणारा माणूस, आणि त्याच्या घरातला एक खिळासुद्धा त्याला विचारून ठोकलेला नव्हता.

मी मोजपट्टी त्यांच्या हातात दिली. खुर्चीत बसून कुठवर हात पोचतो, गुडघे कशाखाली जातात, कुठे वळताना चाक अडतं, ते सगळं त्यांनी स्वतः मोजलं. यादीत पहिली आली कडी. मग अंगणातून वळण घेऊन जाणारा लांब रॅम्प, आणि वळणावर दम घ्यायला सपाट जागा. आणि ओट्याचा एक तुकडा खाली घेतलेला, त्याखाली कपाट नको. पहाटे जाग येते तेव्हा चहा आपला आपण करायचा होता. वहिनी घाबरल्या, आणि बरोबरच घाबरल्या: मांडीवर उकळता चहा सांडला तरी त्यांना कळणार नाही. तेव्हा गरम भांडं मांडीवर घ्यायचंच नाही, ओट्यावरूनच सरकवायचं असं ठरलं.

खरा वेळ गेला थोरल्या भावाबरोबर. "एवढं केलं ते फुकट गेलं का?" हे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. त्यांच्या कष्टांचा मान राखूनच रॅम्प फोडायला हवा होता. शेवटी गवंड्याशी बोलायला दोघे भाऊ एकत्र बसले, तेव्हा गाडं हललं.

खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्राचाही उपयोग झाला. १९७४ पासून तिथे मणक्याच्या दुखापतीचे जवान राहतात, शिकतात, खेळतात. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून थोड्या थोड्या वेळाने हातांवर अंग उचलायची सवय हवालदारांना डॉक्टरांनी सांगून लागली नव्हती, ती तिथल्या एका जुन्या सुभेदारांनी लावली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. रात्री अजून दचकून उठतात, मनोविकारतज्ज्ञांचं औषध चालू आहे. झोप उडणं, दारू वाढणं, 'मी नसतो तर बरं' अशी भाषा दिसली, तर बांधकामाचं नंतर बघा, आधी डॉक्टर गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मात्र हवालदारसाहेब आता शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पेन्शनचे अर्ज भरून देतात, आणि वहिनींची नवी तक्रार आहे की घरात माणसांची वर्दळ फार.

तुमच्याकडे काम व्हायचं असेल तर गवंड्याशी पहिलं बोलणं त्यांनाच करू द्या. झालं असेल, तर निदान कडी खाली घ्या. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे.