दोन वर्षांच्या मुलासाठी घरीच लाकडी घोडा बनवायचाय, डुलणारा करू की चाकांचा, आणि लाकूड कुठलं घेऊ?

डुलणारा करा. चाकांचा घोडा गुळगुळीत फरशीवर पोराच्या बुडाखालून सटकतो.

मी मुलीसाठी केला तेव्हा आठ दिवस नुसतं तोंड कोरण्यात घालवले, डोळे काय, कान काय, आणि खालच्या वाकड्या पट्ट्या मात्र अंदाजपंचे कापल्या, तर पहिल्याच दिवशी ती जरा मागे रेलली आणि घोडा सरळ मागच्या मागे उताणा. नशीब मी मागे बसलेलो. सगळा खेळ त्या पट्ट्यांचा आहे हो, तोंड कसंही चालतं, पोरं बादलीला पण घोडा म्हणतात.

माझी गोलाई ६० सेंमी त्रिज्येची होती, म्हणजे फारच गोल. नंतर १ मीटरची केली. जमिनीत खिळा, त्याला १ मीटर दोरी, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि प्लायवर कंस ओढायचा, बस. पट्टी ८५-९० सेंमी लांब ठेवा, आणि दोन्ही टोकांना खालून एकेक छोटा ठोकळा लावा, तिथे घोडा अडतो. सीट जमिनीपासून साधारण २८ सेंमी, पाय टेकले पाहिजेत. पोराला बसवायच्या आधी पुस्तकं भरलेलं दप्तर सीटवर बांधून जोरात हलवून बघा, मागे झुकत असेल तर सीट थोडी पुढे घ्या.

लाकडाचं म्हणाल तर अंगाला आणि पट्ट्यांना १८ मिमी चांगला प्लाय. पाय सागाचे किंवा दुसऱ्या कुठल्या भरीव लाकडाचे करणार असाल तर लाकडातल्या रेषा पायाच्या लांबीत उभ्या आल्या पाहिजेत, आडव्या आल्या की पाय बिस्किटासारखा तुटतो. नुसते खिळे नकोत, हलून हलून ढिले होतात, आधी बारीक ड्रिल मारून स्क्रू आणि सोबत ग्लू. हँडलचा दांडा आरपार घालून चिकटवा, पोरं त्यालाच लोंबकळतात.

पॉलिश पेपर ८०, १२०, मग २२० नंबरचा, आणि सगळ्या कडा गोल करा, हात डोळे मिटून फिरवायचा, डोळ्याला न दिसणारं कुसळ बोटाला लागतं. रंग शिसं नसलेला, खेळण्यांना चालणाराच घ्या, कारण कान चाटले जाणार म्हणजे जाणारच. जवसाचं तेल लावलंत तर ती फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

शेपटी सुतळीची लावलेली, चार दिवसांत उपटली गेली. घोडा अजून बिनशेपटीचाच आहे.