इस्रायलमध्ये दोन नोकऱ्या करूनही महिनाअखेर पैसे पुरत नाहीत, दुसरा पगार जातो कुठे?

बहुतेक वेळा तो करात जातो. दुसऱ्या नोकरीसाठी 'तिउम मास' म्हणजे कर-समन्वय केला नसेल, तर तिथला मालक कायद्यानेच कमाल दराने, म्हणजे ४७ टक्के, कर कापतो. पगार किमान वेतनाइतका असला तरी!

उपाय साधा आहे. दोन्हीकडे फॉर्म १०१ (मालकाला द्यायचा कर्मचाऱ्याच्या माहितीचा फॉर्म) भरा. त्यात दुसरं उत्पन्न असल्याचं नोंदवा, पण 'नेकुदोत झिकुई' (करसवलतीचे गुण) मुख्य नोकरीतच घ्या. रहिवासी पुरुषाला २.२५ आणि बाईला २.७५ गुण मिळतात, लहान मुलांचे वेगळे. २०२५ मध्ये एक गुण म्हणजे महिना २४२ शेकेल कमी कर, तेव्हा मुलांची नावं फॉर्मवर आहेत ना ते पाहा आणि गुण तलुशवर (पगारपत्रकावर) ताडून घ्या. मग कर खात्याच्या संकेतस्थळावर दोन्ही तलुशांतले आकडे भरून समन्वय करा आणि आलेला दाखला मालकाला द्या. तो डिसेंबरपर्यंतच चालतो. जानेवारीत नवा काढायला लोक विसरतात आणि कपात पुन्हा ४७ वर जाते. बितुआख लेउमीच्या (राष्ट्रीय विमा संस्थेच्या) कपातीचा समन्वय वेगळा असतो, तोही करा.

आधी जास्त कापलेला कर मागच्या सहा वर्षांपर्यंतचा परत मागता येतो, फॉर्म १३५ भरून. त्यासाठी प्रत्येक मालकाकडून त्या वर्षाचा फॉर्म १०६ (वर्षभराचा पगार आणि कपातींचा गोषवारा) घ्या. परताव्यातून टक्केवारी घेणारे एजंट भेटतील, पण साध्या पगारदाराला त्यांची गरज नाही. पैसे आले की आधी बँकेतला 'मिनुस' (ओव्हरड्राफ्ट) भरून काढा. त्याचं व्याज दर महिन्याला घरखर्चातूनच जातं.