वहीतल्या वेळा आणि पर्समधलं डोंगल

आमच्या गटातल्या मुली आपसांत भरभरून बोलतात, ग्रामसभेत मात्र तोंड उघडत नाहीत. काय करावं? – युवा कार्यकर्ती, गुहागर

भाषणाचे धडे नकोत, एक विषय त्यांच्या हाती द्या. आमच्याकडे बंदरावरच्या वाडीत मुलींनी नळाचा विषय धरला. पंधरा दिवस रोज वहीत लिहिलं: पाणी कधी आलं, कधी गेलं, किती हंडे भरले. शाळकरी मुलींनीही पाळ्या लावून नोंदी केल्या.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती घरोघरी सह्या फिरवून उरकतात. तुम्ही ती भरवायला लावा. ठराव तिथेच मांडा आणि इतिवृत्तात लिहिला गेला का, तेही वाचून बघा. आमच्या वाडीतल्या एका मुलीनं पुढे ग्रामसभेत वही उघडली तेव्हा तिचा आवाज कापत होता. ती तारीखवार वेळा वाचत गेली आणि बाप्ये गप्प झाले. मधे एकानं उलट विचारलं, तेव्हा मीच उत्तर द्यायला उठले. ते चुकलं माझं. उत्तर तिच्या वहीत होतं. आता मी मागच्या बाकावर बसते.

मतदार यादीत नाव कधी घालता येतं? – रेवदंडा

सतरा वर्षं पूर्ण झाली की नमुना 6, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, आगाऊ भरता येतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण असतील, त्या तारखेच्या हिशेबानं नाव लागतं. लग्न होऊन गाव बदललं तर नमुना 8, म्हणजे पत्ता बदलायचा अर्ज. हे लांबवू नका, कारण गावच्या मतदार यादीत नाव असेल तरच मुलगी ग्रामसभेची सभासद.

आमची सरपंच चोवीस वर्षांची, पण कारभार नवराच बघतो. तिला कशी साथ देऊ? – देवगड

2011 पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी हे चित्र अजून दिसतं आणि मला त्याचा राग येतो. नवऱ्याशी भांडायला जाऊ नका, त्रास तिलाच होईल. सुरुवात डोंगलपासून करा, म्हणजे डिजिटल सहीच्या त्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणापासून. वित्त आयोगाचे पैसे सरपंचाच्या डिजिटल सहीशिवाय निघत नाहीत. ते डोंगल तिच्या पर्समध्ये हवं, पासवर्ड तिलाच ठाऊक हवा. मग मासिक सभेआधी तासभर तिच्यासोबत बसा, विषयपत्रिका तिला मोठ्यानं वाचू द्या. पंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. ते कुठे गेले, एवढा एकच प्रश्न पहिल्या सभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) तिनं स्वतः विचारावा.