परतण्याआधीचा एक शनिवार

अगं, जर्मनीतलं सेमिस्टर संपत आलं की उरलेल्या शनिवार-रविवारी प्राग, पॅरिस उरकायची घाई होते. मीही केली. वेंगुर्ल्याला परतल्यावर आजीनं विचारलं, "थंय लोक काय खातत गो?" मला फक्त पुलांचे फोटो दाखवता आले.

म्हणून एक शनिवार कुठेच जाऊ नकोस. खोलीत बस नि तिथले दिवस लिहून काढ. तारीखवार नको. चुकीच्या ट्रेनमध्ये बसलीस तो दिवस आधी लिही. आयफेल टॉवर ३३० मीटर उंच आहे हे कुठेही सापडेल. पावत्या-तिकिटांचे फोटो आत्ताच काढून ठेव. थर्मल कागदावरची अक्षरं उडतात, आणि उरलेल्याला आपल्या पावसात बुरशी धरते. माझी अर्धी वही तशीच गेली.

हो, जर्मनी कायमची सोडताना तिथल्या नागरिक कार्यालयातली पत्त्याची नोंद रद्द करावी लागते. ते शेवटच्या आठवड्यावर आलं की लिहिणं राहतंच.

जुलैत येशील तेव्हा कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असेल, गाड्या सावकाश धावतात. राहिलेलं खिडकीशी बसून लिही. पण तिथल्या पावाबद्दल मात्र तिथेच लिही. आजी विचारणार आहे.