वडिलांच्या फोनमधले फोटो आणि आवाज लॅपटॉपवर उतरवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमचा प्रश्न मी असा वाचला: वडील गेले, त्यांचा जुना अँड्रॉइड फोन तुमच्यापाशी आहे, पिन माहीत आहे. त्यातले फोटो आणि त्याहून जास्त व्हॉट्सॲपवरचे त्यांचे आवाज विंडोज लॅपटॉपवर घ्यायचेत. नेटवर फोन ट्रान्सफरची विकतची सॉफ्टवेअर दिसतात, त्यांतलं कोणतं घ्यावं?

कोणतंच घेऊ नका. तुम्हाला हवं ते सगळं एका चांगल्या केबलने फुकट होतं. ही सॉफ्टवेअर बहुतेक वेळा फोनमधलं यूएसबी डीबगिंग (लॅपटॉपला केबलवरून फोनला आज्ञा देऊ देणारी सेटिंग) सुरू करायला लावतात आणि ज्या फाइल तुम्ही स्वतः कॉपी करू शकता त्याच गोळा करून देतात. ‘डिलीट झालेलंही परत आणू’ या जाहिरातीवर तर अजिबात जाऊ नका. अलीकडच्या अँड्रॉइड फोनमधली साठवण एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असते. फोन रूट केल्याशिवाय, म्हणजे त्याची आतली कुलपं तोडून पूर्ण ताबा घेतल्याशिवाय, बाहेरच्या प्रोग्रामला पुसलेल्या फाइलींपर्यंत पोचता येत नाही, आणि रूट करायला गेलं की बऱ्याच फोनमध्ये आधी सगळा डेटाच पुसला जातो.

आधी काय करायचं नाही ते सांगतो. फोनमधून व्हॉट्सॲप काढू नका, पुन्हा इन्स्टॉल करू नका. खातं १२० दिवस वापरात नसेल तर व्हॉट्सॲप ते साधारणपणे बंद करतं, पण फोनमध्ये आधीच उतरलेल्या फाइल त्यामुळे पुसल्या जात नाहीत. ॲपच काढून टाकलं तर मात्र त्याचं फोल्डरही जाऊ शकतं. फोन रीसेट करू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर चार्जिंगला लावायच्या आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा.

आता केबल. निम्म्या लोकांचं काम इथेच अडतं. स्वस्त केबलींत पुष्कळदा फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. अशा केबलने फोन चार्ज होतो आणि लॅपटॉपला काहीच दिसत नाही, मग माणूस सॉफ्टवेअर शोधत बसतो. फोनबरोबर आलेली केबल घ्या. जोडल्यावर फोनचं लॉक उघडा, वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढा, यूएसबीच्या ओळीवर बोट ठेवा आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. सुरुवातीला तिथे नुसतं चार्जिंगच असतं. ‘पीटीपी’ निवडलंत तर फोटोंचीच फोल्डरं दिसतील, आवाज दिसणार नाहीत.

अँड्रॉइड फोन लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखा जोडला जात नाही. मधे एमटीपी नावाची पद्धत असते. लॅपटॉप एकेक फाइल मागतो आणि फोन ती देतो. म्हणून हजारो छोट्या फाइल असल्या की काम रेंगाळतं, आणि मधेच केबल हलली तर हातातली फाइल अर्धी राहते.

याचा फटका मी खाल्लाय. माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. दोन दुपारी बसून मी त्या फोनवर रेकॉर्ड केल्या आणि लॅपटॉपवर नेताना कॉपीऐवजी कट-पेस्ट केलं. मधे केबल सैल झाली. लॅपटॉपवर काही फाइल शून्य केबीच्या आल्या आणि फोनमध्ये त्या उरल्या नव्हत्या. आत्या होती तोवर पुन्हा बसू म्हणता म्हणता राहून गेलं. तेव्हा कट-पेस्ट कधीही नाही, फक्त कॉपी. फोनमधलं मूळ जिथे आहे तिथेच राहू द्या.

फोटो ‘डीसीआयएम’ फोल्डरमध्ये असतात, ते अख्खं उचला. व्हॉट्सॲपचं सामान अँड्रॉइड ११ पासून इंटर्नल स्टोरेजमध्ये ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम.व्हॉट्सॲप’, त्यात ‘व्हॉट्सॲप’ असं आत गेलंय. आधीच्या फोनमध्ये ‘व्हॉट्सॲप’ हे फोल्डर बाहेरच दिसतं. त्यात आत ‘मीडिया’ आणि त्याखाली ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’. तिथे सहा आकड्यांची पुष्कळ फोल्डरं दिसतील. पहिले चार आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. प्रत्येक फाइलच्या नावात ‘पीटीटी’नंतर पूर्ण तारीख असते. कॉपी करताना फाइलची तारीख बदलून आजची दिसली तरी नावातली तशीच राहते, म्हणून नावं बदलू नका. या फाइली ‘ओपस’ प्रकारच्या असतात. लॅपटॉपवर उघडत नसल्या तर व्हीएलसी प्लेअर टाका, तो मोफत आहे. एमपीथ्री करून घ्यायच्या असतील तर खुशाल करा, पण मूळ ओपस पुसू नका.

अडचण पुढे येते. वडिलांनी पाठवलेले आणि त्यांना आलेले असे सगळे आवाज त्याच फोल्डरांत एकत्र असतात आणि कोणाचा कुठला हे नावावरून कळत नाही. त्यासाठी महत्त्वाची संभाषणं वेगळी काढा. चॅट उघडून तीन टिंबांत ‘मोअर’, मग ‘एक्स्पोर्ट चॅट’, मीडियासह. त्यात एक मजकुराची फाइल येते, ज्यात तारीख, वेळ, नाव आणि त्यापुढे आवाजाच्या फाइलचं नाव असतं. फार लांबलेल्या चॅटमधला मीडिया सगळा येत नाही, अलीकडचाच येतो, म्हणून फोल्डर कॉपी करणं आणि एक्स्पोर्ट दोन्ही करा. बॅकअपची जी डेटाबेस फाइल दिसेल ती एन्क्रिप्टेड असते, लॅपटॉपवर वाचता येणार नाही. तरी तीही उचलून ठेवा.

आणखी एक. वडिलांचा आवाज फक्त त्यांच्या फोनमध्ये नाही. त्यांनी ज्यांना ज्यांना निरोप पाठवले त्या सगळ्यांकडे तो आहे. तुमच्या फोनमध्ये, आईच्या, काकांच्या, गावाकडच्या मित्रांच्या. तिथूनही एक्स्पोर्ट मागून घ्या. लोक फोन बदलतात, जागा भरली की पुसून टाकतात, म्हणून हे याच महिन्यात करा. फोनमध्ये कॉल रेकॉर्डिंग सुरू होतं का तेही बघा. सॅमसंगमध्ये ते ‘रेकॉर्डिंग्ज’ फोल्डरात ‘कॉल’ म्हणून सापडतं.

कॉपी झाल्यावर फोनमधल्या आणि लॅपटॉपमधल्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहा. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळला पाहिजे. मग लॅपटॉपवर आकारानुसार लावून शून्य केबीची एखादी फाइल आली आहे का ते बघा, आणि मधल्या-मधल्या दहा-वीस वाजवून ऐका. त्यानंतर बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत काढून ती दुसऱ्या घरी ठेवा.

केबलचं पोर्टच खराब असेल तर ‘लोकलसेंड’ हे मोफत ॲप फोन आणि लॅपटॉप दोन्हीवर टाका. दोन्ही एकाच वायफायवर असले की झालं, इंटरनेटही लागत नाही. पूर्वी अशा कामाला सगळे शेअरइट आणि झेंडर वापरायचे, त्या दोन्हींवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली. फोटो व्हॉट्सॲपने स्वतःला पाठवून घेण्याचा मार्ग मात्र टाळा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि कधी, कुठे काढला ही त्यातली माहिती निघून जाते.

काही फोटो फोनमध्ये नसून फक्त गूगल फोटोजमध्ये असतील तर ते गूगलच्या ‘टेकआउट’मधून (खात्यातला डेटा उतरवून घेण्याची गूगलची सोय) उतरवा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं, त्यामुळे तेही लांबवू नका.

फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती खाली लिहिलीत तर तुमच्या फोनमध्ये कुठलं फोल्डर कुठे आहे ते नेमकं सांगतो.