मुखवट्याच्या आतबाहेर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. इग्बो मुखवट्यांवरचं तुझं टिपण वाचलं. मेहनत दिसते, पण सगळं चेहऱ्याभोवतीच फिरतंय. संग्रहालयाच्या काचेमागे चेहराच तेवढा उरलेला असतो, म्हणून असं होतं. माझंही झालं होतं.

आग्नेय नायजेरियातल्या या लोकांचा ‘म्मान्वू’ म्हणजे नुसतं कोरलेलं लाकूड नव्हे. अंगभर झाकणारा पोशाख, ढोल, बासरी, बदललेला आवाज, पुढेमागे धावणारी माणसं, हे सगळं मिळून आत्मा गावात येतो. आत कोण आहे हे ओळखलं तरी बोलायचं नाही. ‘अग्बोघो म्मूओ’ला, म्हणजे कुमारी-आत्म्याच्या मुखवट्याला, तू ‘स्त्रीसौंदर्याचा आविष्कार’ म्हटलंस. नाजूक नाक, डोक्यावर उंच केशरचना, खरंच देखणा मुखवटा. पण तो चढवून नाचतात पुरुष, आणि त्याचा पांढरा रंग आत्म्यांच्या जगाचा. हे सोडलंस तर हाती नुसती देखणी पोरगी उरते.

‘इजेले’ हा अवाढव्य मुखवटा तर तू वगळलाच! सुमारे चार मीटर उंच, बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत कापड आणि छोट्या छोट्या मूर्ती. शंभर माणसं सहा महिने खपतात तेव्हा तो उभा राहतो. २००९ साली युनेस्कोच्या यादीत गेला. आता याला टांगशील कुठे?

आपल्याकडच्या बोहाड्याची, आदिवासींच्या मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, आठवण झाली, असं लिहिलंयस. होणारच. पण बोहाड्यातलं सोंग कुणाचं हे गोष्टीवरून कळतं. इथे तशी पुराणकथा शोधत बसू नकोस.

मूर्तींचा परिच्छेद मात्र पुन्हा लिही. शिंगं आणि उजव्या हातात सुरा असलेला ‘इकेंगा’ एकेका माणसाचा असतो, त्याच्या कर्तबगारीचा. मालक गेला की कित्येक ठिकाणी तो फोडून टाकत. ‘अलुसी’ म्हणजे देवतांच्या मूर्ती, साऱ्या गावाच्या, तळवे पुढे पसरलेल्या. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नकोस.

आणि प्रत्येक मूर्तीपुढे ती देशाबाहेर कधी गेली ते लिही. १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धात, नायजेरियातल्या यादवीत, बरंच काही गेलं. २०२० मध्ये पॅरिसच्या लिलावात अलुसींची जोडी निघाली, तेव्हा चिका ओकेके-अगुलू या इग्बो कला-इतिहासकारानं जाहीर विरोध केला. तरी ती दोन लाख बारा हजार पाचशे युरोंना विकली गेली. तुझ्या टिपणात त्याच जोडीचा फोटो आहे, आणि खाली नुसतं ‘लाकूड, रंग’.

तुझा,
काका