वीस तारखेचा कर, नव्वद दिवसांचं बिल

कराचे दर उतरवले की नवे उद्योजक तयार होतात का, असं नेहमी विचारलं जातं. थोडेफार होतात. पण लहान कारखानदाराशी बोलून बघा, तो दराची तक्रार कमी करेल आणि जीएसटी भरायच्या वीस तारखेची जास्त.

समजा, भोसरीत एक जण पत्र्याचे ब्रॅकेट करतो. ऑगस्टमध्ये मोठ्या कंपनीला १० लाखांचा माल दिला, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८० हजार. पत्रा ६ लाखांचा, त्यावर भरलेले १ लाख ८ हजार वजा. मासिक रिटर्न असेल तर उरलेले ७२ हजार २० सप्टेंबरपर्यंत भरायचे. कंपनीचे पैसे मात्र नव्वद दिवसांनी, नोव्हेंबर-डिसेंबरात. तोवर कर जातो सीसी खात्यातून, म्हणजे बँकेच्या उधारीतून, व्याज सोसून. त्यात पत्रेवाल्यानं रिटर्न अडकवलं की ते क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) '२बी'त, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, दिसतच नाही आणि पूर्ण १ लाख ८० हजार भरावे लागतात. चूक त्याची, भुर्दंड याला.

यावर 'कंपोझिशन घे', म्हणजे लहान धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना घे, असा सल्ला हमखास मिळतो. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर सरळ एक टक्का कर, किराणा दुकानाला छान. पण कंपोझिशनवाल्याला बिलात कर लावता येत नाही, म्हणून खरेदीदाराला क्रेडिट नाही. चाकणची कंपनी कशाला घेईल त्याचा माल? परराज्यात विकायलाही बंदी. थोडक्यात, ज्याला वाढायचंय त्याच्या हे कामाचं नाही.



उशिरा पैसे देणाऱ्यांसाठी २०२३ साली आयकराच्या ४३बी कलमात तरतूद घातली. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करा, नाहीतर प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच त्या खर्चाची उत्पन्नातून वजावट. कागदावर कडक. पण एप्रिलचं बिल डिसेंबरात दिलं तरी वर्ष तेच, त्यामुळे वजावट शाबूत! दट्ट्या बसतो तो मार्चअखेरच्या थकबाकीला.

मला विचाराल तर लहान धंद्याला पैसे हातात आल्यावर जीएसटी भरू द्यावा. यात नवं काही नाही. जुन्या सेवाकरात ५० लाखांपर्यंतच्या व्यक्ती आणि भागीदारी फर्मना ही मुभा होती, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ती गेली. तोपर्यंत धंदा काढणाऱ्यानं मशीनच्या कोटेशनआधी तीन-चार महिन्यांच्या खेळत्या भांडवलाचा हिशेब मांडावा, करासकट.